टिटवी क्रमांक दोन

१

रांजणगावच्या एमआयडीसीत सुलक्षणाची कायमची दुसरी पाळी. दुपारी तीनला आत, रात्री अकराला बाहेर. सकाळ मोकळी. त्या मोकळ्या सकाळींपैकी आठ सकाळी तिनं डिसेंबरात टिटवीला द्यायचं कबूल केलं, तेव्हा तिच्या ओळखीतल्या एकालाही तिचं हे वागणं समजलं नाही.

टिटवी म्हणजे विमान. दोन माणसं बसतील एवढं, हलकं, पांढरं, पोटाखालून तपकिरी पट्टा ओढलेलं. घोड नदीकाठच्या बड्या बागायतदार घरातल्या विश्वजीतरावांनी ते बनवायला घेतलं होतं. उसावर फवारणी करता येईल, पोरांना उडायला शिकवता येईल, वर्षाला शंभर विमानं शिरूर तालुक्यातून बाहेर पडतील, अशी भाषणं त्यांनी सात-आठ वर्षांपूर्वी केली होती. शंभर राहिली बाजूला, बनली दोन. पहिली टिटवी दौंडच्या पलीकडच्या माळावरून अकरा वेळा उडाली आणि बाराव्या वेळी भीमेकाठच्या उसात नाकावर पडली. ती उडवत होता सुलक्षणाचा धाकटा भाऊ, ज्ञानेश. चौतीस वर्षांचा. चौकशी झाली, अहवाल आला, अहवालात दोनच शब्द महत्त्वाचे होते: वैमानिकाची चूक.

दुसरी टिटवी एकदाही उडाली नाही. कंपनी बंद पडली, इंजिन काढून नेलं, नाकावर प्लायवूडची तबकडी ठोकली आणि एमआयडीसीच्या मागच्या अंगाला एका भाड्याच्या शेडमध्ये विमान विटांवर चढवून ठेवलं. त्याला आता पाच वर्षं झाली होती.

पहिल्या सकाळी सुलक्षणानं शिरूरहून स्कूटी काढली आणि सव्वासातला शेड गाठली. मेहमूदचाचा शेकोटीपाशी बसले होते. साठीचे, शिरूरचेच, कंपनी चालू होती तेव्हापासून शेडचे वॉचमन. त्यांनी कुलूप काढलं, शटर वर ढकललं आणि आत न जाताच म्हणाले, "ताई, काम झालं की आवाज द्या. मी बाहेरच आहे."

शटर चौदा फुटी होतं आणि टिटवीचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस फूट. पंख उतरवल्याशिवाय ते विमान या शेडबाहेर निघणंच शक्य नव्हतं. डावा पंख तर भिंतीपासून जेमतेम वीतभर लांब होता. सुलक्षणा कंपनी चालू असताना इथं तपासनीस होती. प्रत्येक भाग मापून, ठोकून, सही करून पुढं पाठवायची. त्यामुळे तिची नजर आधी मापांवरच गेली.

त्या दिवशी तिनं कपाटातल्या फायली खाली काढल्या, अर्ध्या यादीशी जुळवल्या आणि निघण्याआधी थिनरच्या फडक्यानं दोन्ही पंखांच्या पुढच्या कडा पुसल्या. पाच वर्षांची धूळ निघाली. कडा आरशासारख्या झाल्या.

२

दुसऱ्या सकाळी त्या कडांवर किडे होते.

तिला आधी धूळच वाटली. बोट फिरवलं तर चिकट लागलं. चिलटं, उसावरचे हिरवे तुडतुडे, एका चतुराचा अर्धा पंख. सगळे फुटलेले, आणि त्यांचा ओला डाग पुढून मागं ओढला गेलेला, एकाच दिशेनं. संध्याकाळी पाटाच्या कडेनं स्कूटी चालवली की हेल्मेटच्या काचेवर असेच डाग पडतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

तिनं स्वतःलाच समजावलं. शेडमध्ये बल्ब आहे, बल्बवर किडे येतात, मरतात, खाली पडतात. मग ती शिडीवर चढली आणि पंखाचा वरचा भाग बघितला. कोरा. खालचा भाग बघितला. कोरा. फक्त पुढची कड, आणि समोरची काच. शिवाय बल्ब तिनं काल स्वतः बंद केला होता.

"चाचा," ती बाहेर येऊन म्हणाली, "काल मी गेल्यावर शटर उघडलं होतं का कुणी?"

"चावी माझ्या कमरेला असते."

"आत किडे फार झालेत."

मेहमूदचाचांनी शेकोटीत एक फाटा सरकवला. "उसाचा सीझन आहे ताई. किडे होणारच."

"इथं कुठं ऊस आहे? चार किलोमीटर सगळ्या कंपन्याच आहेत."

ते धुराकडं बघत म्हणाले, "मी बाहेरची राखण करतो. आतलं मला कुणी विचारलं नाय, मी पण कुणाला विचारलं नाय."

तिनं कडा पुन्हा पुसल्या. फडकं हिरवट झालं.

३

या कामाला तिला बोलावलं होतं खुद्द विश्वजीतरावांनी. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांचा फोन आला, पाच वर्षांत पहिल्यांदा. आवाज तसाच, पाठीवर हात ठेवणारा.

"सुलक्षणाताई, गुजरातची एक पार्टी टिटवी घ्यायला तयार झालीय. डिझाईनसकट. ते प्रॉडक्शनला जातील. पण त्यांना पेपर क्लीन पाहिजेत, दोन्ही विमानांचे. ते काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार?"

"बघते साहेब."

"आणि ते एक पान..." ते थांबले. "शेवटच्या दिवशीच्या तपासणीचं. वरची प्रत ज्ञानेशनं खिशात घातली होती, ती त्याच्याबरोबर गेली. पण खाली कार्बन असायचा. तो कुठल्या तरी फाईलीत राहिला असेल. सापडला तर मला द्या. दोघांच्याही हिताचं आहे."

तिनं फोन ठेवला आणि कितीतरी वेळ ती ओट्याला धरून उभी राहिली. पाच वर्षं ती या माणसाचे वाढदिवसाचे फ्लेक्स बघत होती. न्हावऱ्याच्या चौकात, दौंडच्या पुलाजवळ, कुरकुंभच्या फाट्यावर, हात जोडून हसणारे. दर फ्लेक्ससमोरून जाताना ती मनात त्याला एकेक मरण द्यायची. काडीमोडानंतर ती शिरूरला एकटी राहायची. एकट्या माणसाला अशा गोष्टींना वेळ असतो.

इनामगावला आई होती, दगडाबाई. घोड नदीच्या काठावर दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, पुढं पत्र्याचा आडोसा. तिनं लेकाच्या तेराव्यालाच सांगून टाकलं होतं, "माझ्या ज्ञानाची चूक न्हाई. कुठंतरी कागुद असंल. तू तपासनीस हायेस, तू हुडक." तेव्हापासून दर रविवारी सुलक्षणा घरात पाऊल टाकायची आणि आई विचारायची, "घावला का गं कागुद?"

लोकांना सुलक्षणानं एकच सांगितलं होतं. शेपटीच्या ब्रॅकेटला चीर होती, ती मी दाखवली होती, विश्वजीतरावांनी ऐकलं नाही. सगळा तालुका ते खरं मानत होता. पुरावा नव्हता, एवढंच.

म्हणून ती शेडमध्ये आली होती. कागद मिळवायचा आणि त्या हसणाऱ्या तोंडावर मारायचा.

४

तिसऱ्या दिवशी जाताना तिनं तपासनिसासारखा विचार केला. शंका असेल तर चाचणी घ्यायची. तिनं चाकांखालच्या विटांभोवती रांगोळीची बारीक रेघ ओढली. शटर जिथं टेकतं तिथं बाहेरच्या अंगाला शिवणाचा दोरा बांधला. मागच्या खिडकीच्या गजांना कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि प्रत्येकीवर सही केली. कॉकपिटमधल्या दोन्ही सीटांचे पट्टे तिनं सोडून सीटच्या दोन बाजूंना लोंबते ठेवले.

चौथ्या सकाळी दोरा तिच्याच शटर उघडण्यानं तुटला. पट्ट्या जशाच्या तशा. रांगोळीचा कणसुद्धा हललेला नव्हता.

आणि पंखांच्या कडा भरलेल्या होत्या. या वेळी किड्यांबरोबर उसाच्या तुऱ्यांचा कापूसही होता, दवानं ओला, कडेला चिकटून बसलेला. तिनं नाक जवळ नेलं. त्यातून एक उग्र, गोडसर रासायनिक वास येत होता. कुरकुंभच्या केमिकल कंपन्यांवरून पहाटे जाणाऱ्याला तो वास डोळे मिटूनही ओळखता येतो. रांजणगावपासून कुरकुंभ चांगलं पन्नास-साठ किलोमीटर असेल.

'कुणीतरी खेळ करतंय,' असं ती स्वतःशीच म्हणाली. चाचा असतील. विश्वजीतरावांनी मला घाबरवायला सांगितलं असेल. पण मला घाबरवायचं असतं तर मला बोलावलंच कशाला असतं?

शिडीवर चढून तिनं कॉकपिटच्या काचेतून आत बघितलं. उजव्या सीटचे पट्टे लोंबत होते. डाव्या सीटचे पट्टे लावलेले होते. नुसते लावलेले नव्हते. ताणून बसलेले होते. खांद्यावरून खाली येऊन छातीपाशी ते पुढं फुगले होते आणि त्यांच्या आणि सीटच्या पाठीच्या मधे, जिथं काहीच नव्हतं, तिथं एका माणसाच्या जाडीएवढी जागा होती.

तिनं काचेचं झाकण उचललं आणि हात आत घातला. बक्कल कोमट होतं. बाहेर हिवाळ्याचे अकरा अंश होते. तिनं बक्कल दाबलं, तसे पट्टे सैल होऊन खाली पडले आणि सीटचा फोम हळूहळू, सुस्कारा सोडल्यासारखा, वर आला.

५

रविवारी ती इनामगावला गेली. आई चुलीपाशी होती. चेहरा कधी नव्हे इतका शांत.

"आलीस व्हय? बस. च्या ठिवते." आणि मग, जणू शेजारच्याची गाय व्याली असं सांगावं तसं, "ज्ञाना येतो आताशा."

सुलक्षणाच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "कुठं येतो?"

"हिथं. तांबडं फुटायच्या वक्ताला. नदीवरनं येतो, लय खाली. पत्रा वाजतो बघ त्याच्या वाऱ्यानं. हात करतो मला, आन् दौंडाकडं निघून जातो."

"आई, बारामतीची शिकाऊ विमानं जातात इकडून. नेहमीचीच आहेत ती."

"ती विमानं वरडत जात्यात. ह्याला आवाजच न्हाई." आईनं साखर घातली. "निस्ता वारा. कपड्याच्या दोरीवरची लुगडी फडफडावी तसा. चार दिस झालं, रोज येतो. काय हुडकतंय लेकरू कुणास ठावं."

चार दिवस. म्हणजे तिनं शटर उघडलं त्या दिवसापासून.

आईचं वय झालंय, सुलक्षणानं मनाशी म्हटलं. एकटी राहते, ऐकू कमी येतं, म्हणून आवाज नाही म्हणते. सगळ्याचं उत्तर होतं तिच्यापाशी. तरी चहा पिताना तिला त्या कोमट बक्कलाचा स्पर्श बोटांवर होत राहिला, आणि भीतीच्या खाली, अगदी तळाशी, तिला दुसरंच काहीतरी जाणवलं. आनंद. तो विश्वजीतरावांना शोधत असेल तर?

"घावला का गं कागुद?" आईनं विचारलं.

"शोधतेय."

"हुडक. आपल्या नावावरचा डाग हाय त्यो. धुतल्याबिगर म्या मरत न्हाई."

६

कागद तिला सहाव्या दिवशी सापडला. फाईलीत नव्हता तो. कार्बन नव्हताच कुठं.

ती कॉकपिटची यादी करत होती. डाव्या सीटच्या मागं नकाशे ठेवायला कापडी कप्पा असतो. तो तिनं पहिल्याच दिवशी उलटा करून झटकला होता, रिकामा. आज त्यात चार घड्या घातलेला कागद होता. ओलसर. घड्यांत नदीकाठची काळी माती बसलेली, आणि एक कडा जळून तपकिरी झालेली.

तिनं तो पंखावर पसरला. वरची प्रत. शेवटच्या दिवशीची, पहिल्या टिटवीची. जी ज्ञानेशनं खिशात घातली होती आणि जी त्याच्याबरोबर गेली होती, ती.

ओळ क्रमांक चौदा: शेपटीचा ब्रॅकेट, चीर आढळली. हे तिच्याच अक्षरात. त्याच्यापुढं विश्वजीतरावांचं तिरकं अक्षर: पाहुणे आले आहेत. आज उडवा, ब्रॅकेट उद्या बदलू. खाली त्यांची सही. आणि त्याच्याही खाली, निळ्या शाईत, गोल, सुबक: तपासले, ओके. सुलक्षणा.

ती पाच वर्षं ज्याच्याबद्दल कुणाशी बोलली नव्हती, ते एवढंच होतं. त्या सकाळी माळावर मांडव घातला होता, पाहुण्यांच्या गाड्या लागल्या होत्या, आणि विश्वजीतराव हसत म्हणाले होते, "ताई, एका दिवसानं काय होतंय? का कंपनी बंद पाडायचीय?" तिनं पेन उघडलं होतं. कागद न्यायला ज्ञानेश आला, तेव्हा तिनं तोंड उघडलं होतं, पण त्यानं तो वाचलाही नाही. घडी घालून खिशात टाकत तो म्हणाला, "तुझी सही हाय ना अक्का? मग मला काय वाचायचंय." आणि ती गप्प बसली.

आता तो कागद तिच्या हातात होता. तालुक्यापुढं ठेवला तर ज्ञानेशवरचा डाग त्याच दिवशी धुतला जाईल. विश्वजीतराव तुरुंगात जातील. आणि तिच्या हातातही बेड्या पडतील. ते तरी सोसलं असतं. पण आईला ते वाचून दाखवावं लागेल. चौदावी ओळ, आणि मग शेवटची.

तिनं फडकी भिजवायचा पत्र्याचा डबा ओढला. तळाशी थिनर होतं. तिनं कागद त्यात टाकला आणि काडी ओढली. कागद ओला असूनही झरझर पेटला. शेडमध्ये वारा नव्हता, तरी धूर सरळ वर न जाता आडवा झाला आणि कॉकपिटकडं गेला.

मग तिनं विश्वजीतरावांना फोन लावला. कागद जाळला म्हणून काय त्या माणसाला सोडायचं होतं? उलट आता तर अजिबात नाही.

"साहेब, मिळाला. उद्या सकाळी या. एकटेच या."

७

विश्वजीतराव दहाला आले. पांढरी गाडी, पांढरे कपडे, अंगाला अत्तर. मेहमूदचाचांच्या सलामाला मान हलवून ते आत शिरले आणि विमानाकडं बघून खरंच हळवे झाले.

"काय देखणी केली होती ना आपण," ते म्हणाले. "कुठाय कागद?"

"विमानातच आहे. डाव्या सीटच्या मागच्या कप्प्यात. मी हात नाही लावला, तुमच्यासमोर काढावा म्हटलं."

"बरं केलंत." त्यांनी तिच्याकडं पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "ताई, मला झोप नाही लागत हो कधीकधी. तुम्हाला लागते?"

तिनं शिडीकडं बोट केलं. तिला त्यांची कीव करायची नव्हती.

शिडी उजव्या बाजूला लावलेली होती. ते चढले, उजव्या सीटवर बसले आणि वाकून डाव्या सीटच्या मागं हात घालू लागले. डाव्या सीटचे पट्टे ताणलेले होते, हे तिनं खालून पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही. त्यांचा हात मधेच कशाला तरी अडला.

"इथं काहीतरी..." ते म्हणाले.

काचेचं झाकण खाली आलं. आदळलं नाही. रोज उडणारा माणूस जसं सवयीनं, नीट ओढून घेतो, तसं आलं. खटका बसला.

सुरुवातीला ते हसले. मग त्यांनी काचेवर टकटक केलं, आणि बोटानं तिला खटका दाखवला. बाहेरचा खटका, पाव वळण दिलं की उघडणारा. सुलक्षणा शिडीच्या दोन पायऱ्या चढली. तिनं हात खटक्यावर ठेवला. तेव्हा तिला दिसलं की त्यांचे केस मागं उडताहेत. बंद काचेच्या आत. सदऱ्याची कॉलर गालावर फडफडत होती, डोळ्यांतून पाणी येऊन ते कानांकडं ओढलं जात होतं. तोंड उघडून ते काहीतरी ओरडत होते आणि आवाज इतका लांबून येत होता, जणू ते खूप उंचावर होते.

बोटांखालचा खटका गार होता. पाव वळण.

तिला माळावरचा मांडव आठवला, पाहुण्यांच्या गाड्या, ते हसणं. तिनं हात काढून घेतला.

काच आतून धुक्यानं भरू लागली. उजवीकडं एक डाग, भराभर वाढणारा, भेदरलेल्या श्वासाचा. आणि डावीकडं दुसरा. लहान, संथ, एका लयीतला. त्या डाव्या डागात कुणीतरी आतून हाताच्या पंजानं जागा पुसली. तळहाताएवढी. त्या जागेतून कुणीतरी बघत होतं. शेजारी ओरडणाऱ्या माणसाकडं त्याचं लक्ष नव्हतं. ते तिच्याकडं बघत होतं.

ती शिडीवरून उतरली, की पडली, तिला नक्की आठवत नाही. बाहेर येऊन तिनं शटर खाली ओढलं.

"साहेब?" मेहमूदचाचांनी विचारलं.

"कागद बघताहेत. वेळ लागेल, त्रास देऊ नका म्हणाले."

चाचांनी तिच्या तोंडाकडं बघितलं, मग शटरकडं. आतून पत्रा हलकासा थरथरत होता, लांबून ट्रक गेल्यावर थरथरतो तसा. ते उठले, खुर्ची उचलली आणि गेटच्या पार पलीकडं नेऊन ठेवली.

तीनला ती पाळीवर हजर झाली. त्या दिवशी तिनं तीनशे बारा पार्ट तपासले, एकही चुकला नाही.

८

संध्याकाळी पाचला विश्वजीतरावांना शोधत आलेल्या त्यांच्या ड्रायव्हरनं शटर उघडायला लावलं. पोलीस आले, डॉक्टर आले. हृदयविकाराचा झटका, सगळ्यांनी मान्य केलं. वय अठ्ठावन्न, साखर होती, बायपास झालेली. हवालदारानं सुलक्षणाला दोन प्रश्न विचारले. तुम्ही कधी निघालात, आणि तेव्हा ते ठीक होते का. अकराच्या आत, ती म्हणाली. ठीक होते.

मेहमूदचाचांनी मात्र तिची स्कूटी बसस्टॉपवर थांबवली. ते काम सोडून शिरूरला चालले होते, हातात बोचकं.

"मी उचलायला होतो ताई," ते म्हणाले. "डॉक्टरनं लिहिलं नाय, पण मी बघितलं. ओठ फाटलेले. गालाची कातडी वाऱ्यानं सोललेली. दातात चिलटं भरलेली, नाकात उसाचा कापूस. बंद काचेच्या आत." त्यांनी बोचकं दुसऱ्या हातात घेतलं. "तुम्ही मला म्हणालात, त्रास देऊ नका. मी ऐकलं. माझं पण त्यात आलंच. अल्लाला मी माझं सांगीन. तुम्ही तुमचं बघा."

त्यांची बस आली आणि ते चढून गेले.

त्या रात्री सुलक्षणा पाच वर्षांत झोपली नव्हती अशी झोपली. सकाळी उठली तेव्हा तोंडात गोडवा होता. न्हावऱ्याच्या चौकातल्या फ्लेक्सवर आता भावपूर्ण श्रद्धांजली होती आणि ती स्कूटी थांबवून तिथं मुद्दाम उभी राहिली, पोटभर बघत. गुजरातच्या पार्टीनं माघार घेतली. शेडमालकानं टिटवी भंगारात काढली. कटर लावून पंख कापले, तुकडे टेम्पोत भरून नेले. ज्ञानेशच्या अहवालावर पुन्हा कुणी बोट ठेवणार नव्हतं. ठेवणार तरी कोण, आणि कशाच्या जोरावर?

संपलं, असं ती स्वतःला सांगत राहिली. विमानच उरलं नाही म्हटल्यावर आणखी काय?

९

रविवारची पहिली एसटी पकडून ती इनामगावला पोचली तेव्हा उजाडायचं होतं. आई अंगणात उभी होती. अंघोळ झालेली, धुतलेलं लुगडं, कपाळाला बुक्का. सणासारखी.

"आई, एवढ्या थंडीत बाहेर का?"

"यायचा वकुत झाला ना त्याचा."

"आई, ऐक. ते विमान मोडलं. तुकडे करून नेलं. आता कुणी येणार नाही."

"कालबी आलता," आई म्हणाली. "परवाबी. आता दोघं असत्यात. शेजारी त्यो बसलेला असतो, मान खाली घालून. वळखला म्या त्याला. पांढरं कापडं." तिनं पदर खांद्यावर ओढला. "बरं झालं. त्येचं हेच व्हायला पायजे हुतं."

नदीपलीकडं आभाळ तांबडं होत होतं. सुलक्षणानं आईचा हात धरला. "चल आत. चहा करते मी."

आई हलली नाही. तिनं लेकीकडं वळून पाहिलं आणि नेहमीचाच प्रश्न विचारला, अगदी हळू. "घावला का गं कागुद?"

"नाही आई. खूप शोधला. नाहीच मिळाला."

आईनं आपला हात सुलक्षणाच्या हातातून सोडवून घेतला, एकेक बोट.

"ज्ञाना म्हनतो," ती म्हणाली, "कागुद तर त्यानं सोता तुझ्या हाती दिला. त्या शेडात. म्या म्हनलं, आसं कसं हुईल, अक्का हाय ती तुझी. म्या भांडले त्याच्याशी तुझ्यापायी. म्हनलं, तिलाच इचारू दे मला."

"आई..."

"इचारलं आता."

आडोशाचा पत्रा वाजला. एकदा, मग सलग. दोरीवरचं वाळत घातलेलं लुगडं आडवं झालं आणि तसंच ताठ राहिलं. घोडच्या पाण्यावरून काहीतरी येत होतं, अगदी खाली, आणि पाण्यावर त्याच्यासमोर बारीक लाटा पळत होत्या. आवाज नव्हता. सुलक्षणाला घराच्या दाराकडं पळायचं होतं, पण दारात आई जाऊन उभी राहिली होती, दोन्ही हात चौकटीला लावून.

"दोनच सीटा आहेत आई," सुलक्षणा म्हणाली. "जागा नाही त्यात."

"म्याबी तेच इचारलं त्याला," दगडाबाई म्हणाली. "तर म्हनला, त्याला आज वाटंत उतरवून येतो. म्हनला, ती रविवारी येती ना?" तिनं डोळे पुसले आणि दार आतून ओढून घेतलं. फटीतून तिचा आवाज शेवटचा आला.

"म्या सांगितलं, व्हय. पहिल्या एसटीनं येती."